मुळशीचा पूल तापवायचाय? भट्टीआधी झाकण घ्या

तुमचा पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी. थंडीत मुलांना उतरवत नाही म्हणून बंबासारखी मोठी लाकडाची भट्टी आणि आत तांब्याची कॉइल, असा तुमचा बेत. थोडं थांबा.

हजार लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट (विजेच्या मीटरवरचं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते. तुमच्या पुलाला अंशामागे ४६ युनिट. किलोभर सुक्या लाकडात साधारण ४ युनिट असतात. घरी केलेल्या भट्टीतून त्यातली निम्मी पाण्यात उतरली तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे एका अंशाला २३ किलो लाकूड! वर पीएच घसरला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं, की ते तांबं खातं आणि टाइल्सवर निळसर-हिरवे डाग पडतात.

खरी गळती वरून आहे. ३२ चौरस मीटरवरून रात्रंदिवसात ५ मिलिमीटर पाणी उडालं तर १६० लिटर गेले, आणि त्यांच्याबरोबर शंभरेक युनिट. दोन अंश तिथेच गेले. म्हणून पहिला खर्च बबल शीटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फुगेवाल्या प्लास्टिकच्या झाकणाचा, फुगे पाण्याकडे करून. पोहताना ती पूर्ण काढायची, अर्धवट गुंडाळून नाही. लहान मूल खाली अडकू शकतं.

मग ऊन. पुलाचं पाणी पंपाने छपरावरच्या काळ्या नळीतून फिरवून तापवायचं. ठिबकची १६ मिलिमीटरची साधी काळी लॅटरल (बारीक नळी) घ्या, ड्रीपर म्हणजे थेंब सोडणारी तोटी नसलेली. शेडचा पत्रा दक्षिणेला उतरतो म्हणालात, त्यावर चिकटून चिकटून २५ चौरस मीटर भरायला दीड हजार मीटर लागेल. एकच लांब वेटोळं करू नका, पंप दमतो. ६३ मिलिमीटरचे दोन पीव्हीसी पाइप, त्यांना ग्रोमेट-टेकऑफ (रबरी कडं आणि नळी जोडायची तोटी) लावून तीस-तीस मीटरचे पन्नास फेरे समांतर. गावातला कुठलाही ठिबकवाला दिवसभरात जोडून देईल. चौरस मीटरला दिवसाचे ५ युनिट ऊन आणि त्यातलं निम्मं पाण्यात धरलं तर रोज सव्वा अंशाची भर. झाकण असेल तर ती साठत जाते.

परतीचं पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल, एखाद-दुसरा अंश जास्त. लोक इथे घाबरतात आणि व्हॉल्व्ह दाबून प्रवाह कमी करतात. करू नका. पाणी कढत आलं म्हणजे नळी हवेला तापवतेय, पुलाला कमी मिळतंय.

जोडणी फिल्टरनंतर आणि क्लोरीन सोडतात त्या जागेच्या आधी. सगळ्यात उंच जागी व्हॅक्यूम ब्रेकर (आत हवा घेणारा व्हॉल्व्ह) हवाच, नाहीतर पंप थांबला की पाणी खाली ओढलं जाऊन नळ्या चपट्या होतात. पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), त्यात काटकसर नाही. टायमर दहा ते चार. रात्री पंप चालू राहिला तर हीच नळी पाणी गार करते. एप्रिल-मेमध्ये मात्र मुद्दाम रात्री चालवा.