बूस्टवर बुडबुडे येत असतील तर गास्केट परत बदलू नका

तुम्ही लिहिलंय की टर्बो इंजिनच्या हेडमधले इनटेक पोर्ट (हवा आत जायच्या वाटा) घरीच घासून मोठे केले, गाडी मस्त पळाली, आणि आता बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) आला की कूलंटच्या टाकीत बुडबुडे, सकाळी स्टार्टला पांढरा धूर, आणि मेकॅनिक म्हणतोय हेड गास्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं. जरा थांबा. माझं अगदी हेच झालं होतं. मी दोनदा गास्केट बदललं, दुसऱ्या वेळी हेड बोल्ट नवे, फेसिंगही (हेडचा तळ सपाट करणं) परत करून घेतलं, आणि गास्केट मुळात गेलंच नव्हतं. पोर्टच्या तळाला, व्हॉल्व्हच्या सीटकडे वळतो त्या आतल्या वळणाला (शॉर्ट साइड) मी जास्त घासलं होतं आणि तिथे वॉटर जॅकेटची (कूलंट फिरतं त्या पोकळीची) भिंत पातळ होऊन केसाएवढी चीर पडली होती.

ब्लॉक टेस्टरचं (कूलंटमधला गॅस तपासायचं साधन) निळं लिक्विड वापरून बघितलंत का? माझं निळंच राहिलं, पिवळं झालंच नाही, आणि मी समजलो लिक्विड जुनं असेल. हीच माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. ती टेस्ट जळलेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड पकडते, इनटेक पोर्टच्या चिरेतून तर नुसती ताजी हवा कूलंटमध्ये जाते, मग रंग बदलणार कसा? बूस्ट कूलंटच्या प्रेशरच्या वर गेला की हवा आत घुसते, आणि गाडी बंद केली की उलटं, गरम कूलंटला प्रेशर असतं, पोर्टमध्ये काहीच नसतं, मग ते थेंब थेंब व्हॉल्व्हच्या पाठीवर साठतं. सकाळचा धूर तो.

मी शेवटी इंजिन गरम करून इनटेक मॅनिफोल्ड (पोर्टना हवा पोचवणारा भाग) काढला, कूलंटला हातपंपाने झाकणावर लिहिलेलं प्रेशर दिलं आणि टॉर्च मारून बसलो. तिसऱ्या पोर्टच्या वळणावर एक हिरवा थेंब जमला. पुसला, दोन मिनिटांनी परत आला. (गरम इंजिनचं झाकण उघडू नका, भाजाल, पंप आधीच, इंजिन थंड असताना जोडा आणि मग गरम करा.)

राग मला त्या मशीन शॉपचा आहे. पोर्टिंगनंतर हेड प्रेशर टेस्टला मी स्वतः नेलं होतं, त्यांनी थंड पाण्यात पाच मिनिटं बुडवून पास म्हणून दिलं. अशा चिरा बऱ्याचदा ॲल्युमिनियम तापून फुगल्यावरच उघडतात, टेस्ट गरम पाण्यातच हवी. परत गेलो तर म्हणाले, घरी घासलंय ना, आमची जबाबदारी नाही. मान्य, घासलं मीच, पण टेस्टचे पैसे कशाचे घेतले मग?

माझं मत विचाराल तर टर्बो इंजिनला इनटेकचा तळ घासूच नये. सीटखालच्या खोलगट भागातली (बाउल) कास्टिंगची धार आणि पायरी काढा, बास. आरशासारखं पॉलिशही इनटेकला नको. एक्झॉस्टकडे थोडी मेहनत घेतलीत तर स्पूलला (टर्बोने वेग पकडणं) जास्त फायदा, फक्त मॅनिफोल्डचं तोंड पोर्टपेक्षा मोठं असावं, उलटं कधीच नाही. आणि त्याच कास्टिंगचं एखादं भंगार हेड मिळवून करवतीने पोर्टमधून उभं कापा, भिंत किती आहे ते डोळ्यांनी दिसेल. तरी कास्टिंगमध्ये कोअर (पोकळी तयार करणारा साच्यातला गाभा) थोडा सरकलेला असतो, एका सिलिंडरची जाडी दुसऱ्याला लागू होईलच असं नाही, त्यामुळे अगदी तिथपर्यंत जाऊ नका.

चीर वेल्ड होते का विचाराल, तर होते, पण उष्णतेने सीट ढिल्या होतात, हेड वाकतं, सगळं मशीनिंग परत. मी दुसरं हेडच घेतलं. एपॉक्सीच्या नादाला मी तरी लागणार नाही, सुटलं तर थेट सिलिंडरमध्ये. नव्या हेडच्या ऑइल गॅलरीचे (तेलाच्या वाटांचे) प्लग काढून धुवा, टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, ॲल्युमिनियमचा एक कणही बेअरिंगला पुरतो.

मी काही मेकॅनिक नाही, तुमची गाडी न बघता लिहितोय, चीर एक्झॉस्टलाही असू शकते, मग लिक्विड पिवळं होईल. पण तोवर गाडी रात्रभर उभी असेल तर आधी स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा. सिलिंडरमध्ये कूलंट साठलेलं असेल आणि तसाच सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.