तळघरातली आख्यायिका आणि रेकॉर्डरच्या वह्या

वाचकांचे प्रश्न : जुनी घरं

प्रश्न : ताई, नमस्कार. ओहायोतल्या एका लहान शहरात आम्ही विटांचं जुनं दुमजली घर घेतलं आहे. काउंटी ऑडिटरच्या साइटवर बांधकामाचं वर्ष १९०० दिसतं. शेजारचे आजोबा सांगतात, गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसांना या तळघरात लपवत असत. तळघरात विटांनी बंदिस्त केलेली एक छोटी खोली आहेसुद्धा. शहराच्या लँडमार्क (वारसा वास्तूंच्या) यादीत घराचं नाव यावं असं आम्हां दोघांना मनापासून वाटतं. ही गोष्ट अर्जात मुख्य धरावी का? आणि शोध सुरू कुठून करायचा?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : स्थानिक इतिहासाच्या दालनात काम करताना मी अशा तळघरांच्या कहाण्या पुष्कळ ऐकल्या. सांगणारा मनापासून सांगतो, त्यामुळे ती लगेच मोडीत काढायची नाही. पण अर्जात मुख्य धरायची तर आधी एक गोष्ट पक्की करा : त्या काळात हे घर उभं होतं का?

ऑडिटरचं १९०० तूर्त बाजूला ठेवा. जुन्या घराच्या बांधकामाचा कागद हाती नसला की कर आकारणाऱ्या कार्यालयांनी अनेकदा अंदाजाने गोल आकडा लिहिला आहे, आणि १९०० हा त्यातला नेहमीचा. त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की घर जुनं आहे.

आता आख्यायिकेबद्दल. ओहायो नदीच्या पलीकडे केंटकी, तिथे गुलामगिरी कायदेशीर होती. नदी ओलांडून आलेल्यांना जिवावर उदार होऊन आसरा देणारी घरं तुमच्या राज्यात खरोखर होती. रिप्ली गावात नदीकाठच्या टेकडीवर जॉन रँकिन या धर्मोपदेशकाचं घर आजही उभं आहे आणि त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. पण डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. तुमचं घर १८८० चं निघालं, तर हा विषय तिथेच मिटला. तळघरातल्या बंद खोल्या बहुतेक वेळा कोळसा साठवायच्या, पावसाचं पाणी धरायच्या किंवा हिवाळ्यासाठी भाजीपाला ठेवायच्या असतात. घर खरंच १८६५ च्या आधीचं निघालं, तर मात्र त्या वेळच्या मालकाचं नाव धरून पुढे जा : चर्चच्या नोंदी, गुलामगिरीविरोधी संघटनांचे कागद, तेव्हाची वर्तमानपत्रं. ओहायो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक विल्बर सीबर्ट यांनी १८९० च्या दशकात हयात असलेल्या माणसांकडून पत्रं आणि आठवणी मिळवल्या. तो संग्रह ओहायो हिस्टरी कनेक्शन या संस्थेकडे आहे. त्यात मालकाचं नाव सापडलं तर आजोबांच्या सांगण्याला बळ येईल. नाही सापडलं तर ती कहाणी ‘शेजारात सांगितली जाते’ एवढ्याच शब्दांत एका ओळीत लिहा. पुराव्याशिवाय असा दावा केला की ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला त्यांच्या घरांकडेही लोक संशयाने बघू लागतात. ते मला फार लागतं.

सुरुवात तुमच्याच डीडपासून, म्हणजे खरेदीखतापासून, करा. त्यात रस्त्याचा पत्ता महत्त्वाचा नाही, लॉट नंबर आणि प्लॅटचं (भूखंडांच्या आखणीच्या नकाशाचं) नाव महत्त्वाचं. रस्त्यांची नावं बदलतात, घरांचे क्रमांक नव्याने पडतात, लॉट सहसा टिकून राहतो. डीडमध्ये बहुधा आधीच्या व्यवहाराचा खंड आणि पान दिलेलं असतं. तो धागा धरून काउंटी रेकॉर्डरच्या (जमिनीचे व्यवहार नोंदवणाऱ्या कार्यालयाच्या) वह्यांमधून एकेक मालक मागे जायचं. उल्लेख नसेल तर घेणाऱ्यांच्या सूचीत नाव शोधा, त्याने कोणाकडून घेतलं ते कळेल. मग त्या विकणाऱ्याने कधी घेतलं ते बघा. साखळी मध्येच तुटली तर बहुधा मालक वारला आणि घर वारसाहक्काने गेलं. अशा वेळी प्रोबेट कोर्टात (वारसाहक्काचे खटले बघणाऱ्या न्यायालयात) मृत्युपत्र किंवा इस्टेटीची फाइल मागवा. त्या फायलींत कधीकधी घरातल्या सामानाची यादी मिळते, खोलीवार. ती मिळाली तर सोडू नका.

ओहायोत पत्नीचा डॉवरचा, म्हणजे नवऱ्याच्या मिळकतीतल्या वाट्याचा, हक्क असतो, त्यामुळे नवऱ्याने घर विकताना तो सोडल्याची तिची सही डीडवर येते. एरवी ज्या बायकांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही, त्या इथे सापडतात. प्रत्येक नाव टिपून ठेवा.

आता इथेच बहुतेकांची गाडी अडते. डीड जमिनीचं असतं. घर त्यावर आहे की नाही, हे ते क्वचितच सांगतं. एखाद्याने १८७१ मध्ये लॉट घेतला म्हणून घर १८७१ चं ठरत नाही. त्यासाठी करांच्या जुन्या वह्या काढाव्या लागतात. तुमच्या राज्यात त्यांना टॅक्स डुप्लिकेट म्हणतात. लॉट तोच, मालक तोच, आणि एका वर्षी मूल्यांकन अचानक चौपट झालं, तर आदल्या वर्ष-दोन वर्षांत तिथे काहीतरी उभं राहिलं. त्याच सुमारास मालकाने जमीन गहाण टाकून पैसे उचलल्याची नोंद मिळाली तर बांधकामाचा काळ जवळजवळ हातात आला. त्या वर्षांच्या आसपासची स्थानिक वर्तमानपत्रं चाळा. गावात कोण घर बांधतंय ही तेव्हा बातमी असे. काँग्रेसच्या ग्रंथालयाने जुन्या वर्तमानपत्रांची पानं ऑनलाइन ठेवली आहेत, शब्द टाकून शोधता येतात.

सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. विमा कंपन्यांना कुठलं घर किती पेटेल हे कळावं म्हणून १८६७ पासून ही कंपनी अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे करत असे. एक इंच म्हणजे पन्नास फूट. विटांचं घर गुलाबी, लाकडी पिवळं, दगडी निळं. किती मजले तो आकडा, राहत्या घराला ‘डी’, पडवीची तुटक रेषा. तुमचं घर त्यात गुलाबी चौकोन म्हणून दिसेल. मागे लाकडी स्वयंपाकघर जोडलं असेल तर त्याला चिकटून एक पिवळा तुकडा. शहर बदललं की कंपनी सगळा नकाशा नवा न छापता बदललेल्या भागावर कागदाची चिठ्ठी चिकटवून द्यायची. मूळ कागद हाताळायला मिळाला तर उजेडासमोर धरून बघा, चिठ्ठीखालचं जुनं घर अंधुक दिसतं. मायक्रोफिल्मवर हे रंग जातात, म्हणून काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या साइटवरच्या रंगीत प्रती बघा. एक सावधगिरी मात्र हवी : सुरुवातीचे नकाशे गावाच्या मध्यभागापुरते असत. तुमची गल्ली नकाशात नाही, म्हणून घरही नव्हतं असा निष्कर्ष काढू नका.

माणसं शोधायची ती सिटी डिरेक्टरी आणि जनगणनेत. डिरेक्टरीत नाव, व्यवसाय, पत्ता असतो. विधवेपुढे तिच्या नवऱ्याचं नाव असतं आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची वेगळी खूण असते. जनगणनेच्या १९०० पासूनच्या पानांवर डाव्या समासात रस्त्याचं नाव उभं लिहिलेलं दिसेल. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि वर्ष विचारलं, शिवाय घर स्वतःचं की भाड्याचं तेही. १९३० च्या पानावर घराची किंमत आहे आणि घरात रेडिओ आहे का याचाही रकाना आहे. १८९० ची पानं शोधत बसू नका. १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या आगीत त्यांची वाताहत झाली, आता जेमतेम काही तुकडे उरले आहेत. माणसांची नावं असलेली पानं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतचीच बघता येतात.

घरालाही विचारा. माळ्यावर किंवा जिन्याखाली, जिथे कोणी दुरुस्ती केली नसेल तिथले खिळे बघा. चपटे, कापून केलेले खिळे असतील तर घर बहुधा १८९० च्या आधीचं. गोल तारेचे खिळे त्यानंतर सर्रास झाले. एका खिळ्यावर वर्ष ठरवू नका, पण कागदांशी ताळा जमतो का ते बघा.

हे सगळं जमल्यावर अर्ज लिहायला बसा, आणि तेव्हा एकच प्रश्न समोर ठेवा : हे घर कशासाठी महत्त्वाचं आहे? नुसतं वय पुरत नाही. बहुतेक शहरांचे निकष नॅशनल रजिस्टरच्या (ऐतिहासिक वास्तूंच्या देशपातळीवरच्या यादीच्या) निकषांच्या वळणाचेच असतात : महत्त्वाची घटना किंवा घडामोड, महत्त्वाची व्यक्ती, बांधकामाची शैली वा कारागिरी, आणि जमिनीखालून मिळू शकणारी माहिती. चारही पटवायला जाऊ नका. एक घ्या आणि तो पुराव्यांनी भक्कम करा. तुमच्या घरात तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यातला फोरमन राहत होता, त्याच्याकडे दोन भाडेकरू होते, आणि त्या कारखान्यामुळेच ही सगळी गल्ली वसली असं निघालं, तर ते शहराच्या इतिहासातलं खरं पान आहे. शहराच्या वारसा आयोगापुढे ते तळघराच्या कहाणीपेक्षा कितीतरी ठाम उभं राहील.

प्रश्न : मिनियापोलिसमधलं आमचं घर १९२० च्या दशकातलं आहे. लँडमार्कसाठी कागद काढताना जुन्या डीडमध्ये एक कलम मिळालं : गोऱ्या वंशाच्या माणसाखेरीज कोणाला ही जागा विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, नोकरांचा अपवाद. वाचून रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणतो, हे अहवालात कशाला लिहायचं? आईबाबा येणार आहेत, त्यांना काय सांगू?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : ताई, लिहा. अहवालाच्या मुख्य भागात लिहा, खंड आणि पान क्रमांकासह, कलम जसंच्या तसं उतरवून.

ते कलम आपल्यासाठीही होतं, हे तुम्हाला झोंबलं ते बरोबरच आहे. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतातला माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. भारतीयांना नागरिकत्वाची वाट १९४६ मध्ये मोकळी झाली. अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निकाल १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात लागला. तुमच्या राज्याने १९५३ मध्ये नवी कलमं घालायला बंदी केली आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने ती देशभर बेकायदा ठरली. आज त्या कलमाला काडीची किंमत नाही. तुमच्या मालकीला त्याने काहीही बाधा येत नाही, हे आईबाबांना आधी सांगा.

मिनेसोटा विद्यापीठात मॅपिंग प्रेज्युडिस हा प्रकल्प अशी डीडं शोधून नकाशावर मांडतो. तुमच्या गल्लीतल्या आणखी किती घरांवर हे कलम होतं ते तिथे बघा. त्यातून अहवालाला गल्लीचा संदर्भ मिळेल. २०१९ च्या राज्य कायद्यानुसार मालकाला हे कलम रद्द झाल्याचं निवेदन काउंटीकडे नोंदवता येतं. मूळ ओळ तशीच राहते, तिच्या जोडीला तुमचं निवेदन दाखल होतं. मला ही पद्धत पटते, कारण काय झालं होतं आणि कोणी ते नाकारलं, या दोन्ही नोंदी राहतात.

नवऱ्याची अडचण घराच्या किमतीची असेल, तर या एका नोंदीमुळे किंमत पडेल अशी भीती बाळगायचं कारण नाही. तुमच्या शहराने कोणाला कुठे राहू दिलं हा त्याच्या घडणीचा भाग आहे, आणि तुमच्या घराच्या महत्त्वाचं कारण कदाचित हेच ठरेल.

प्रश्न : आमच्या समोरचं घर नॅशनल रजिस्टरवर आहे, तरी नवा मालक ते पाडणार म्हणतो. असं करता येतं का?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : हो, स्वतःच्या पैशाने आणि फेडरल परवाना किंवा निधी न घेता करत असेल तर नॅशनल रजिस्टर त्याला अडवत नाही. तो सन्मान आहे, कुंपण नाही. फेडरल पैसा किंवा परवाना गुंतला असेल तेव्हाच परिणामांचा आढावा घ्यावा लागतो. अडवायची ताकद असते ती स्थानिक वारसा कायद्यात. न्यूयॉर्कने १९६३ मध्ये पेन स्टेशन पाडलं जाताना पाहिलं आणि १९६५ मध्ये आपला कायदा केला. त्याच कायद्याच्या जोरावर ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकावर टोलेजंग इमारत उभी राहायची थांबली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला.

म्हणून आजच गावाच्या कार्यालयात फोन करा. ते घर स्थानिक वारसा वस्तीत येतं का, पाडकामाचा अर्ज आला आहे का, आणि त्यावर सुनावणी लागते का, एवढं विचारा. सुनावणी लागत असेल तर तारीख घ्या आणि शेजाऱ्यांना घेऊन जा. लेखी निवेदनात नॅशनल रजिस्टरच्या अर्जातलं महत्त्वाचं कारण जोडा. तो अर्ज सार्वजनिक असतो, राज्याच्या वारसा कार्यालयातून प्रत मिळते.