लॉनच्या जागी इथली झाडे

प्रश्न : पर्वरीच्या पठारावर आमचे घर आहे. कंत्राटदाराने जांभ्यावर दोन-तीन इंच माती पसरून सुमारे 100 चौरस मीटर लॉन घातले होते. पावसाळा सरला की उन्हाकडचा भाग रोज पाणी घालूनही करपतो, फणसाखाली गवत धरत नाही आणि मागच्या सखल कोपऱ्यात जुलैमध्ये पाणी तुंबते. लॉन काढून इथलीच झाडे लावायची आहेत, कोणती लावावीत? झाडोऱ्यामुळे साप येतील, अशी घरच्यांना भीती वाटते.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : तुमच्या आवारात तीन निरनिराळ्या जागा आहेत आणि एकाच गवताने त्या तिन्ही सांभाळाव्यात, ही अपेक्षाच चुकीची होती. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्यानंतर जांभ्यावरच्या पातळ मातीत ओल टिकत नाही आणि उथळ मुळांचे गवत पूर्णपणे तुमच्या नळावर जगते.

रोपे आणण्यापूर्वी तिन्ही ठिकाणी फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. एकदा आटला की पुन्हा भरून वेळ मोजावी. दोन-तीन तासांत पाणी जिरले, तर ती जागा कोरड्याची. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर तिथे मुळे कुजू न देणारीच झाडे हवीत.

उन्हाकडच्या बाजूला करवंद, धायटी, लाल फुलांची पिटकुळी आणि अंजनी लावावी. पहार जिथे आपटून परत येते, तिथे हट्ट न धरता दगडाच्या फटीत धायटी बसवावी, कारण खडकाळ उतारांवर ती आपसूक वाढते. अंजनी फार सावकाश वाढते, पण तिच्या फांद्यांना बिलगून फुललेली निळीजांभळी फुले पाहिली की वाट पाहिल्याचा पश्चात्ताप होत नाही. पिटकुळी घेताना मात्र जपावे. रोपवाटिकेत याच नावाखाली बुटक्या चिनी जातीही सर्रास मिळतात. पहिले दोन उन्हाळे या झाडांना आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्यावे, रोज शिंपडू नये.

फणसाखाली पातेरा झाडून जाळण्याऐवजी तसाच राहू द्यावा आणि त्यात पेव, दिंडा व रानहळद लावावी. पेव आणि रानहळद पावसाळ्यानंतर जमिनीवरून नाहीशी होतात. ती मेली असे समजून कंद उपटू नयेत. सखल कोपऱ्यात ब्राह्मी पसरू द्यावी. बाजारात मंडूकपर्णीलाही ब्राह्मीच म्हणतात, म्हणून पाने पाहून घ्यावीत : मंडूकपर्णीचे पान गोलसर व दातेरी कडांचे असते, तर ब्राह्मीची पाने बारीक आणि मांसल असतात. मंडूकपर्णी त्या कोपऱ्याच्या काठावर, फणसाच्या सावलीच्या बाजूला चालेल. उन्हाळ्यात कोपरा कोरडा पडला, तर या दोघींना थोडे पाणी लागेल, हे मी लपवणार नाही.

‘लॉनला पर्याय’ म्हणून पिवळ्या फुलांचे वेडेलिया कोणी सुचवील. ते घेऊ नये. ही अमेरिकेकडची वनस्पती कांडीकांडीला मुळे धरते आणि कुंपण ओलांडून ओहोळापर्यंत पोचते.

सापांविषयी : साप उंदीर आणि बेडकांच्या मागे येतात. भिंतीलगत तीन फुटांचा पट्टा चिरे किंवा खडी घालून मोकळा ठेवावा, पातेरा त्याच्या पलीकडेच असू द्यावा, आणि करवंदाच्या जाळीत रात्री हात घालू नये. मुलांना खेळायला जागा हवी असेल, तर उन्हातला छोटासा तुकडा हरळीला द्यावा; ती उन्हाळ्यात पिवळी पडते, पण पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उभी राहते.

सगळे लॉन एकदम उकरू नये, नाहीतर उघडी माती पहिल्याच मुसळधार पावसात रस्त्यावर वाहून जाईल. यंदा फक्त फणसाखालचा भाग घ्यावा, आणि जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावावीत.