हायड्रोसचा ड्रम गरम लागतोय, वरून थोडं पाणी मारलं तर चालेल का?

अजिबात नको! हायड्रोस, म्हणजे कापड रंगवताना वापरतात ती सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर, ओलाव्यानेच तापते. थोडं पाणी पडलं की आतल्या आत विघटन वाढतं, सल्फर डायऑक्साइड हा विषारी वायू सुटतो आणि पावडर आपोआप पेट घेऊ शकते. पेटलेल्या काडीसारखा घशाला झोंबणारा वास आला की सगळ्यांना बाहेर काढा, वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबा आणि अग्निशमन दलाला केमिकलचं नाव सांगूनच बोलवा. वाळू टाकून ही आग दबत नाही, कारण तिला हवा लागतच नाही. ती थांबते ती धो धो पाण्यानेच, पण ते काम अग्निशमन दलावर सोडा.

१९९५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडाय इथे मिक्सरमध्ये हायड्रोस आणि ॲल्युमिनियम पावडरचं मिश्रण असंच तापत गेलं. माल बाहेर काढायला कामगारांना परत आत पाठवलं आणि स्फोटात पाच जण गेले. म्हणून सांगतो, ड्रम वाचवायला कुणालाही आत पाठवू नका.

एरवी डायहाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या खात्यात, ओल्या हाताने किंवा ओल्या मगाने पावडर काढायची सवय आधी मोडा. झाकण लगेच घट्ट लावा, ड्रम लाकडी पॅलेटवर ठेवा, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर दुसऱ्या खोलीत.