प्रॉपर्टी म्हणजे मालमत्ता नव्हे, गुण. तोही दोरीच्या अर्थाने

प्रश्न असा आहे: “एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सवर मराठीत टिपणे लिहितो आहे. कस्टम यूजर कंट्रोलच्या प्रॉपर्टीला काय म्हणावे? एका ठिकाणी ‘सानुकूल वापरकर्ता नियंत्रणाची मालमत्ता’ असे वाचले. शिवाय बटण दाबून पान परत आले की ‘प्रॉपर्टी जाते’, असे आमच्याकडे सगळे म्हणतात. ते बरोबर का?”

वेब फॉर्म्स ही मायक्रोसॉफ्टची वेब पाने बनवण्याची चौकट. कंट्रोल म्हणजे पानावरचा बटण, यादी असा घटक, आणि प्रॉपर्टी म्हणजे त्याचा रंग, मजकूर असे बाहेरून ठरवता येणारे वैशिष्ट्य. ‘मालमत्ता’ आधी पुसून टाका. हा शब्द भाषांतरयंत्रांनी आणला आणि माणसांनी डोळे मिटून उचलला. अरबी ‘माल’ आणि अरबीच ‘मताअ’, म्हणजे सामानसुमान, अशी ही जोडगोळी फारसीमार्गे आपल्याकडे आली. सातबाऱ्यावर आणि घरपट्टीच्या पावतीवर ती शोभते. इथे ती नुसती विनोदी नाही, घातक आहे. मालमत्ता म्हटली की ती कुठेतरी ठेवलेली असणार, कुणाच्या तरी ताब्यात असणार, असे ऐकणारा धरून चालतो. प्रॉपर्टीत काहीही ठेवलेले नसते. ती म्हणजे ‘गेट’ आणि ‘सेट’ या दोन पद्धतींची जोडी. वाचले की पहिली चालते, किंमत (व्हॅल्यू) दिली की दुसरी. साठा असलाच तर तिच्या मागे, दुसऱ्या कशात तरी असतो. कधी तो नसतोही. मागितल्या क्षणी हिशेब करून उत्तर दिले जाते. नवशिक्याच्या डोक्यात ‘मालमत्ता’ बसली की “मी तर किंमत ठेवली होती, गेली कुठे?” हा प्रश्न ठरलेलाच.

‘गुणधर्म’ त्याहून बरा. पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत तो पक्का रुळला आहे आणि परिभाषावाले तोच पुढे करतात. पण त्यांनी तो विचार न करता उचलला आहे, असे माझे स्पष्ट मत. वैशेषिकांचा, म्हणजे द्रव्य-गुणांची वर्गवारी करणाऱ्या जुन्या दर्शनाचा, दंडक आहे की गुण द्रव्यात राहतो, गुणात गुण राहत नाही. त्यांच्या प्रशस्तपाद या भाष्यकाराने चोवीस गुण सांगितले, त्यांतल्या एकाच्याही पोटात दुसरा नाही. आणि आपल्याकडे? कंट्रोलची फॉन्ट ही प्रॉपर्टी, तिच्या पोटात साइझ आणि बोल्ड या आणखी प्रॉपर्ट्या. टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीत कंट्रोल लिहितो त्या खुणेत, त्या मधे आडवी रेघ घालून ‘फॉन्ट-साइझ’ अशा लिहायच्या. (अनेकवचन प्रॉपर्ट्या. ‘प्रॉपर्टीज’ नव्हे. पार्टीच्या पार्ट्या होतात, ड्यूटीच्या ड्यूट्या होतात, मग हिनेच काय घोडे मारले?) दुसरी अडचण अशी की ‘गुणधर्म’ अॅट्रिब्यूटलाही वापरतात. सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अॅट्रिब्यूट म्हणजे चौकटी कंसात लिहिलेली खूणचिठ्ठी, ती प्रॉपर्टीच्या डोक्यावर चिकटवतात. दोघांना एकच नाव दिले की जो घोटाळा व्हायचा तो होतोच: ‘डीफॉल्टव्हॅल्यू’ या अॅट्रिब्यूटमध्ये दहा लिहिले म्हणजे प्रॉपर्टीची किंमत दहा झाली, असे लोक मानतात. ती चिठ्ठी फक्त डिझायनरला, म्हणजे पाने मांडण्याच्या साधनाला, सांगते की मूळ किंमत दहा समजावी. किंमत बसवत नाही. ती तुम्हालाच ‘गेट’मध्ये द्यावी लागते.

आता ‘धर्म’ काढून टाका आणि नुसता ‘गुण’ हातात घ्या. संस्कृतात गुण म्हणजे मुळात दोर, दोराचा पदर, धनुष्याची प्रत्यंचा. द्विगुण म्हणजे दुपदरी, त्रिगुण म्हणजे तिपेडी. गुणाकार हा शब्द तिथूनच: पदर वाढवत नेणे. सांख्यांचे सत्त्व-रज-तम हे तीन गुणही भाष्यकारांनी दोरी म्हणूनच समजावले आहेत, आणि गीतेच्या चौदाव्या अध्यायात ते देहीला ‘बांधतात’. संस्कृत कोशकार मोनिअर-विल्यम्स उणादी या जुन्या व्याकरणसूत्रांच्या आधाराने हा शब्द ‘ग्रह्’ धातूकडे नेतो. पटत नाही. ग्रह् मधला ‘ह्’ कुठे गेला आणि ‘उ’ कुठून आला, याचे सरळ उत्तर त्या वाटेने मिळत नाही. त्यापेक्षा अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘गओन’, म्हणजे केस आणि रंग, हा मला कितीतरी जवळचा वाटतो. फारसीत त्याचाच ‘गून’ झाला, रंग किंवा प्रकार या अर्थाचा. उर्दू शायरीतला ‘गुलगूँ’ म्हणजे गुलाबाच्या रंगाचा. केसांचा पीळ, पिळाचा दोर, दोराचा पदर, पदराचा प्रकार, प्रकारावरून वैशिष्ट्य अशी ही सलग वाट आहे. ग्रह्-वाद्यांना त्यांचा धातू लखलाभ.

प्रॉपर्टी ही तंतोतंत दोरीच आहे. कंट्रोलच्या बाहेर लोंबणारे एक टोक, आत कशाला तरी बांधलेले दुसरे. पानाच्या हाती फक्त बाहेरचे टोक. म्हणून “प्रॉपर्टी जाते” हे वाक्य चूक. दोरी जागच्या जागी असते. आत ज्याला बांधली ते जाते. “किंमत जाते” म्हणा. मराठीत औषधाला गुण येतो तोही याच चालीने: बाटलीत गुण साठवलेला दिसत नाही, घेतल्यावर येतो.

दुसरे टोक कशाला बांधायचे, यातच सगळी मेख आहे. समजा यादी दाखवणारे यूजर कंट्रोल आहे आणि त्याला ‘ओळीसंख्या’ ही पूर्णांकी प्रॉपर्टी द्यायची आहे. कोड-बिहाइंडमध्ये, म्हणजे कंट्रोलच्या कोडाच्या फाइलीत, ती पब्लिक, म्हणजे बाहेरून दिसणारी, हवी. तिच्या मागे साधे प्रायव्हेट फील्ड, म्हणजे वर्गाच्या आतली साठ्याची जागा, ठेवले तर दर विनंतीला पानाची आणि कंट्रोलची वस्तू नव्याने तयार होते, काम संपले की टाकून दिली जाते. फील्डही तिच्याबरोबर जाते. टॅगमध्ये लिहिलेली किंमत मात्र गेली असे वाटत नाही, कारण टॅग दर वेळी पुन्हा वाचला जातो. घात होतो तो कोडमधून, पहिल्याच वेळी, म्हणजे ‘इजपोस्टबॅक’ खोटे असताना (पोस्टबॅक म्हणजे बटण दाबून पान पुन्हा सर्व्हरकडे जाणे) दिलेल्या किमतीचा.

किंमत टिकवायची तर टोक व्ह्यूस्टेटला, म्हणजे दोन विनंत्यांमध्ये स्थिती जपणाऱ्या साठ्याला, बांधा. ‘सेट’मध्ये व्ह्यूस्टेटच्या ‘ओळीसंख्या’ या कळीखाली किंमत ठेवा. ‘गेट’मध्ये ती कळ ऑब्जेक्ट म्हणून वाचा, नल (रिकामी) असेल तर दहा परत करा, नसेल तर पूर्णांकात कास्ट करून, म्हणजे त्या प्रकारात बदलून, द्या. नलची तपासणी गाळून थेट कास्ट केलेत तर पहिल्याच वाचनाला अपवाद (एक्सेप्शन) फेकला जाईल. व्ह्यूस्टेट हे पानातल्या लपलेल्या फील्डमधून वाचकाच्या ब्राउझरपर्यंत जाते आणि परत येते, म्हणून त्यात जड डेटासेट कोंबू नये. वजन दोन्ही फेऱ्यांत पडते. कुणी ‘एनेबलव्ह्यूस्टेट’ बंद केले तर दोरी पुन्हा हवेत. ज्या किमतीवाचून कंट्रोलचे चालणारच नाही, तिच्यासाठी 2005च्या 2.0 आवृत्तीपासून कंट्रोलस्टेट आहे. ‘ऑनइनिट’मध्ये, म्हणजे कंट्रोल सुरू होतानाच्या पद्धतीत, पानाकडे नोंद करायची, मग जपून ठेवण्याची आणि परत भरण्याची पद्धत आपण लिहायची. ते असे सरसकट बंद होत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे टोक आतल्या लेबलाच्या ‘टेक्स्ट’ला बांधणे. मग टिकवण्याचे काम लेबल करते, तुम्हाला वेगळे व्ह्यूस्टेट लागत नाही. पण लेबल जन्माला आलेले हवे. कोडमधून कंट्रोल आणायचे तर ‘लोडकंट्रोल’ला एएससीएक्स फाइलचा (तिच्यात यूजर कंट्रोलची मांडणी असते) मार्ग द्या आणि मिळालेली वस्तू तिच्या वर्गात कास्ट करा, नाहीतर तुमची प्रॉपर्टी दिसणारच नाही. ‘न्यू’ लिहून वर्गाची वस्तू केली, किंवा ‘लोडकंट्रोल’ला मार्गाऐवजी वर्ग दिला, तर एएससीएक्समधला मजकूर वाचलाच जात नाही. लेबल नल राहते आणि दोरी ओढली की नल रेफरन्सची त्रुटी. असे आणलेले कंट्रोल दर पोस्टबॅकला, त्याच आयडीने, पुन्हा जोडावे लागते. आणखी एक: पानाला जोडण्याआधी दिलेली किंमत व्ह्यूस्टेटमध्ये नोंदली जात नाही, कारण तिथली नोंद ‘इनिट’नंतर सुरू होते. एकदाच देऊन ती टिकावी असे वाटत असेल तर आधी जोडा, मग द्या.

वेळेचाही हिशेब आहे. ‘इनिट’, ‘लोड’, ‘प्रीरेंडर’ हे पान तयार होतानाचे क्रमवार टप्पे. ‘इनिट’ आधी आतल्या कंट्रोलचे, मग पानाचे. ‘लोड’ उलट, आधी पानाचे. म्हणून पानाच्या ‘लोड’मध्ये दिलेली किंमत कंट्रोलच्या ‘लोड’ला आयती मिळते. उलट दिशेने, कंट्रोल आपल्या ‘लोड’मध्ये जे ठरवणार ते पानाच्या ‘लोड’मध्ये वाचायला गेलात तर जुनेच हाती येते. बटणाच्या घटना तर त्याहून नंतरच्या. असे वाचन ‘प्रीरेंडर’मध्ये करावे.

आता दोरीच्या बाहेरच्या टोकाकडे या. टॅगमध्ये तुम्ही काहीही लिहा, ते स्ट्रिंगच (अक्षरांची माळ; इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ दोरी) असते. गुणाला स्ट्रिंग लावायची, म्हणजे दोरीलाच दोरी! ही गंमत कोणत्याच कोशकाराला सुचलेली नाही. पूर्णांक, हो-नाही, एनम (ठरावीक पर्यायांची यादी), रंग यांचे रूपांतर आपोआप होते. स्ट्रिंगांच्या अॅरेचे होत नाही. प्रॉपर्टीवर ‘स्ट्रिंगअॅरेकन्व्हर्टर’ची चिठ्ठी लावली तर स्वल्पविरामाने तोडलेली यादी चालते. ‘बरोबर’च्या चिन्हाचा कोडखंड (<%= %>) टॅगमधल्या (चिठ्ठीतल्या नव्हे) अॅट्रिब्यूटमध्ये घातला तर तो चालवला जात नाही, अक्षरे जशीच्या तशी किंमत म्हणून येतात. तिथे ‘हॅश’चा बांधणी-खंड (<%# %>) हवा, आणि तोही ‘डेटाबाइंड’ बोलावल्याशिवाय जागा होत नाही. पुढे ‘इव्हॅल’ने बांधणी करताना ती फक्त प्रॉपर्टी ओळखते, पब्लिक फील्ड नाही. टॅगमध्ये पब्लिक फील्ड चालून जाते, म्हणून लोक फसतात. बांधायला गुणच लागतो; सांख्यांनी वेगळे काय सांगितले?

स्पेलिंगची चूक मात्र यूजर कंट्रोल मुकाट गिळते. टॅगमधले नाव लहान-मोठ्या लिपीत कसेही चालते, पण एक अक्षर चुकले तर ती किंमत कंट्रोलच्या ‘अॅट्रिब्यूट्स’ संग्रहात जाऊन पडते. त्रुटी नाही, इशारा नाही, प्रॉपर्टी मूळ किमतीवरच. “किंमत देऊनही बसत नाही” या तक्रारीत सर्वांत आधी हेच पाहावे.

आणि टोक स्टॅटिक फील्डला बांधू नका. ते सगळ्या विनंत्यांत एकच असते, म्हणून एका माणसाने निवडलेला ग्राहक क्रमांक दुसऱ्याच्या पडद्यावर उगवतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. आपल्या यंत्रावर एकटे तपासताना हा दोष कधीच दिसत नाही, दोघांनी एकदम वापरले की दिसतो.

बाकीचे शब्द राहिले. ‘सानुकूल’ म्हणजे अनुकूल असलेले. वारा सानुकूल असतो, कंट्रोल नाही. बेतून घेतलेले, घडवलेले म्हणा. ‘वापरकर्ता नियंत्रण’ ऐकून वाटते की वापरणाऱ्यावर नियंत्रण आहे. इथला यूजर संकेतस्थळ पाहणारा नव्हेच, तो प्रोग्रॅमर. एएसपी प्लस म्हणत तेव्हा याच चिजेला ‘पेजलेट’ हे कितीतरी सुबक नाव होते. आणि ‘कस्टम यूजर कंट्रोल’ असे एकत्र म्हणूच नये. एएससीएक्स फाइलीत मांडणी असलेले ते यूजर कंट्रोल, पानाच्या माथ्यावर ‘रजिस्टर’ निर्देशात फाइलीचा मार्ग, टॅगचा उपसर्ग आणि नाव देऊन वापरायचे. मांडणीची फाइल नसलेले, नुसत्या कोडात लिहून डीएलएल या तयार फाइलीत बांधलेले ते कस्टम कंट्रोल. त्याच्या निर्देशात फाइलीऐवजी नेमस्पेस (वर्गांच्या नावांचा गट) आणि असेंब्ली (ती डीएलएल) येते. तुम्ही कोणते वापरता ते टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहा, कारण चुकीचे स्पेलिंग गिळण्याची वर सांगितलेली खोड थेट ‘कंट्रोल’ वर्गापासून बेतलेल्याला नसते. ते पान वाचतानाच त्रुटी देते.