'पगार वाढवून मागितला, तर मुलांचं काय?'

"मी मुलांसाठी काम करते ना, मग मला थकायचा हक्क आहे का?"

पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमधली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द बदलतात, पण प्रश्न थोड्याफार फरकानं हाच असतो. काम मनापासून आवडतं, तरी रात्री झोप लागत नाही. सोडून द्यावंसं वाटतं, आणि तसं वाटल्याची लाज वाटते. तिची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहितेय.

ती तिशीतली. पाच वर्षं एकाच संस्थेत, वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या गटांबरोबर. त्या वर्षी एका मोठ्या देणगीदाराचा प्रकल्प संपला, नवा निधी आला नाही, दोन सहकारी गेले. त्यांचे गट हिच्याकडे आले, त्यांचा पगार अर्थातच नाही. घरी भाऊ म्हणायचा, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस." मीटिंगमध्ये ऐकायला मिळायचं, "आपण इथं पैशासाठी नाही आलो." दोन्ही वाक्यं तिला सारखीच टोचायची.

माझं पहिलं चुकलं ते इथंच. लक्षणं ओळखीची होती, म्हणून मी तिला दहा दिवस रजा घ्यायला सांगितलं. तिनं घेतली. परतली तेव्हा सगळं काम जिथल्या तिथं वाट बघत होतं, वर तिमाही अहवालाची तारीख उलटून गेलेली. तिसऱ्याच दिवशी ती पुन्हा माझ्यासमोर, आणि या वेळी माझ्यावर चिडलेली. बरोबरच होतं तिचं.

मग मी तिला एका आठवड्याचे तास लिहून आणायला लावले. एकूण भरले 54. त्यातले मुलांबरोबरचे 11. बाकी सगळं काय? एकच हजेरी दोन देणगीदारांच्या दोन वेगळ्या तक्त्यांत भरणं, फोटो निवडून पाठवणं, नव्या प्रस्तावाचा मसुदा, वर्गासाठी खोली मिळावी म्हणून मुख्याध्यापकांची मनधरणी, बेसलाइन आणि एंडलाइन, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या, चाचण्यांची आकडेमोड. त्या 11 कडे ती बराच वेळ बघत राहिली. आपण मुलांना कंटाळलो, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

बाहेरून न दिसणारी गोष्ट ही आहे. बराचसा निधी ठरावीक प्रकल्पाला बांधलेला येतो. हिशेब, नोंदी, अहवाल यांवरचा खर्च 'प्रशासकीय' म्हणून देणगीदाराच्या डोळ्यांत खुपतो, म्हणून संस्था तो कमी दाखवते. काम मात्र कमी होत नाही. ते वर्ग घेणाऱ्याच्याच रात्रीत जाऊन बसतं.

'बर्नआउट', म्हणजे कामानं पार थकून विझून जाणं, हा शब्द अशाच एका जागेतून रूढ झाला. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथल्या स्वयंसेवकांचं, आणि स्वतःचंही, विझत जाणं बघून त्यांनी 1974 मध्ये त्यावर लिहिलं. जीव ओतून काम करणारेच याला आधी बळी पडतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी याच्या तीन बाजू मांडल्या: शक्ती संपणं, माणसांपासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मधल्या बाजूला मी मराठीत पाट्या टाकणं म्हणते. हे सांगितल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "परवा एका मुलानं पहिल्यांदा पूर्ण वाक्य वाचलं. आणि मी बघत होते, फोटोत उजेड बरोबर येतोय का."

त्या दिवशी ती खूप रडली. मी मध्ये बोलले नाही.

नंतर समन्वयकाशी बोलायची तयारी केली. तिनं लिहून आणलेलं पहिलं वाक्य होतं, "संस्था अडचणीत आहे हे मला कळतं, मला मागायला नको, पण..." तेवढं खोडायलाच आम्हाला अर्धा तास लागला. तिनं तीन गोष्टी मागितल्या: दोन्ही देणगीदारांसाठी एकच तक्ता, जास्तीच्या गटांसाठी माणूस, आणि पगारवाढ. तक्ता लगेच झाला. कुणी विचारलंच नव्हतं इतके दिवस! माणूस महिन्याभरानं आला, अर्धवेळ. पगाराला उत्तर मिळालं, पुढचा निधी येईपर्यंत नाही. हे उत्तर कडू असलं तरी निदान स्पष्ट होतं, आणि त्यावर तिला सोडायचा विचार करता येत होता. त्यात स्वार्थ कसला? संस्थेची तूट आपल्या झोपेतून भरून काढायचं कुणी कबूल केलेलं नसतं.

"पण मी गेले तर मुलांचं काय?" हा प्रश्न उरलाच. मी विचारलं, "तुम्हाला मुलांबद्दल जे ठाऊक आहे, ते कुठं आहे?" तिनं पिशवीतून एक वही काढली. कोपरे दुमडलेली. प्रत्येक मुलाला एक पान. 'घ आणि ध मध्ये गोंधळ.' 'मोठ्यानं वाचायला लावू नये, कानात वाचतो.' काही पानांवर लाल पेनानं छोटा त्रिकोण.

"ही अजून कुणी वाचलीय?"

"नाही."

पुढच्या आठवड्यात तिनं ती वही नव्या अर्धवेळ मुलीला दिली. देताना हात थरथरला, असं तिनंच सांगितलं. ती अजून त्याच संस्थेत आहे, सहा महिन्यांनी पुन्हा ठरवणार आहे. मागच्या भेटीत आमचं बोलणं चालू असताना तिचा फोन वाजला. त्या नव्या मुलीचा होता: "ताई, या त्रिकोणाचा अर्थ काय?"

"त्या दिवशी आपणहून बोलला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "का गं? कुणाच्या पानावर काढायचाय?"