सेजर, एक्सएमजी असे वेगवेगळ्या नावाचे गेमिंग लॅपटॉप आतून सारखेच असतात का?
सांगाडा बऱ्याचदा सारखाच असतो, पण क्वालिटी सारखीच असेल असं नाही. बॉडी, मदरबोर्ड, पंखे तैवानच्या क्लेवो नाहीतर चीनच्या टाँगफांग कंपनीचे असतात, त्यावर विकणारे आपलं नाव लावतात. मी म्हापशात लॅपटॉप रिपेअर करतो, मागचं झाकण काढलं की बोर्डावर मूळ कंपनीचा मॉडेल नंबर छापलेला दिसतोच. फरक पडतो रॅम, एसएसडी, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप), बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि मुख्य म्हणजे ग्राफिक्स चिपला किती वॉट वीज दिलीय त्यात, लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कुठे ३५ वॉटवर चालतं कुठे ११५ वर, नाव एकच पण गेममध्ये जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून वॉट बघितल्याशिवाय घेऊच नका. फक्त परदेशातून मागवणार असाल तर वॉरंटी भारतात चालते का ते आधी लेखी घ्या, कारण आमच्या गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत पोर्ट लवकर गंजतात.